निवडुंगाचं खोड आणि नवऱ्याची खोड

झाडाला खोड नसेल तर ते झाड नव्हे, आणि झाडच नसेल तर तोडायला परवानगी कशाला, असं बागसाहेब म्हणाले आणि निवडुंगाचा निकाल लागल्यातच जमा झाला.

बागसाहेब म्हणजे नगरपालिकेच्या उद्यान खात्याचे इन्स्पेक्टर. त्यांना बोलावलं होतं इमारतीच्या चेअरमननं. चेअरमननं नवी गाडी घेतली होती आणि ती ठेवायला त्याला आवारातला तो एकच कोपरा पसंत पडला होता, जिथं फड्या निवडुंग होता. तुम्हाला माहीतच असेल तो, हिरव्या तळहातावर तळहात ठेवल्यासारखा एकावर एक फडा चढत जाणारा, अंगभर काटे असलेला. तळमजल्याच्या खिडकीखाली तो पुरुषभर उंच आणि दीड पुरुष रुंद पसरला होता. बागसाहेबांनी त्याच्याभोवती, काट्यांपासून अदबीनं अंतर राखून, एक फेरी मारली आणि जाहीर केलं की ही सगळी पानंच आहेत. पानं तोडायला खात्याची हरकत नसते. खोड असतं तर वेगळी गोष्ट.

इथं सगळं संपलं असतं. पण तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याला शंका आली.

या चष्मेवाल्याला अख्ख्या इमारतीत शंकासुर म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण जिन्यात म्हणायचे, आणि जिन्यातलं बोलणं तळमजल्याला आधी ऐकू जातं. त्याचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असं विचारत राहायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. ज्या माणसाचं पोट ‘हे बरं की ते’ या प्रश्नावर भरतं, त्याला कुठल्याही गोष्टीचा पहिल्या झटक्यात भरवसा कसा वाटणार?

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘निवडुंगाचं ते पान नसतं, खोडच असतं म्हणे. शाळेत होतं आम्हाला.’

‘कशावरून?’ बागसाहेब म्हणाले.

आता शंकासुराला आयुष्यात कुणी उलट ‘कशावरून’ विचारलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं एवढंच त्याला आठवत होतं, का लिहिलं होतं ते आठवत नव्हतं. चेअरमन गालातल्या गालात हसला. मग बागसाहेबांनी मोठ्या मनानं सांगितलं की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सोसायटीची सभा आहे, तिथं मी येतो, तेव्हा चारचौघांत फोडून दाखवा. आत खोड निघालं तर कुणी हात लावायचा नाही. पान निघालं तर त्याच दिवशी साफ.

‘मग एखादा फडा कापू का?’

‘तपासापुरतं घ्या,’ बागसाहेब म्हणाले.

‘तपासापुरतं’ हा शब्द फार घातक आहे. रबरासारखा आहे तो. पण ते नंतर कळलं.

शंकासुराला निवडुंगाचं प्रेम होतं अशातला भाग नाही. प्रेम होतं त्याच्या आईला. तिची खोली त्या खिडकीची. रोज दुपारी जेवणं आटोपली की ती खिडकीत खुर्ची ओढायची आणि गावी असलेल्या बहिणीला फोन लावायची. ऐकायला दोघींनाही जरा कमी, त्यामुळे बोलणं खणखणीत. घरात सून, बाहेर आवार, पण त्या खिडकीखाली काट्यांमुळे कुणी फिरकत नसे, म्हणून म्हातारीला वाटेल ते बोलता यायचं. निवडुंग गेला आणि तिथं गाडी आली, म्हणजे गाडी धुणारा आला, गाडीवाला आला, दार उघडण्याआधी उगाच दोन मिनिटं किल्ली शोधणारे आले. आईनं मुलाला एवढंच सांगितलं, ‘माझ्या आयुष्यात मन मोकळं करायची एक जागा उरलीय. तेवढी बघ.’ मुलगा उठला आणि सुरी शोधायला लागला.

पहिला फडा त्यानं मोठ्या तयारीनं कापला. कापडी हातमोजे, त्यावर बायकोचे ओट्यावरचे जाड मोजे, हातात लांब सुरी. मोठे काटे त्यानं एकेक करून चिमट्यानं काढले आणि विजयी मुद्रेनं मोजे उतरवून फडा उघड्या हातात घेतला.

मोठे काटे हे सरळमार्गी असतात. ‘आम्ही टोचतो’ असं लांबून सांगून टोचतात. पण निवडुंगावर प्रत्येक काट्याच्या मुळाशी एक मखमली ठिपका असतो, आणि त्या ठिपक्यात केसाहून बारीक कुसळं भरलेली असतात, हे शंकासुराला त्या दिवशी कळलं. ही कुसळं म्हणजे खिसेकापूंची टोळी. हात लावताना समजत नाही, घरी पोचल्यावर समजतं. त्यानं हात टॉवेलला पुसले. तोच टॉवेल बायकोनं मानेला लावला. त्याच हातांनी त्यानं दुकानात चष्मे पुसायचं मऊ फडकं झटकलं, आणि संध्याकाळपर्यंत नवीन चष्मा बसवून गेलेली गिऱ्हाइकं नाक खाजवत परत यायला लागली. एका बाईंनी तर सरळ विचारलं की या फ्रेमला चावायची सवय आहे का.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं चिकटपट्टी लावून ओढा. कुणी म्हणालं मेणबत्तीचं मेण ओता. चिकटपट्टीनं कातडीवरचे केस गेले, कुसळं राहिली. मेणानं भाजलं. काट्यानं काटा काढावा, असं चेअरमननं वरून गॅलरीतून सुचवलं, ते मदतीसाठी नसावं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरनं त्याला आपल्या खुर्चीत आडवं घातलं, दिवा पेटवला आणि सवयीनं सांगितलं, ‘आ करा.’ शंकासुरानंही सवयीनं आ केला. बोटांतली कुसळं निघेपर्यंत तो तसाच आ करून पडला होता.

हे झालं बाहेरचं. आत अजून पोचायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फडा पाटावर ठेवून मधोमध आडवा कापला. वरची साल मेणकापडासारखी चिवट, सुरी आधी घसरली, मग एकदम आत गेली. आणि आतून जे बाहेर आलं ते बघून बायको दोन पावलं मागं सरली. बुळबुळीत, पारदर्शक, तारा सुटणारा चिकट रस. सुरीला लोंबला, पाटावरून ओघळला, फरशीवर पसरला. शंकासुरानं तो पुसला तर तो आणखी पसरला. पाणी टाकलं तर पाण्यालाच घेऊन घट्ट झाला. त्यात शंकासुर एकदा पडला, त्याला उठवायला आलेली बायको एकदा पडली, आणि दोघं फरशीवर समोरासमोर बसलेले असताना तो म्हणाला, ‘बघितलंस? पाणी सोडतच नाही. म्हणून तर उन्हाळाभर न घालता टिकतो हा.’

‘निवडुंगाला खोड असो नसो,’ बायको म्हणाली, ‘तुम्हाला आहे. आणि ती मेल्याशिवाय जायची नाही.’

पण आता त्याला खरंच गोडी लागली होती. पाण्याचा असा बंदोबस्त त्यानं कुठल्या टाकीत बघितला नव्हता. कापलेल्या तोंडाशी त्यानं डोळा नेला. बाहेर साल, सालीखाली हिरवा थर, आणि मध्ये भरगच्च पांढरा गर. बस्स, एवढंच दिसलं. यात पान कुठं आणि खोड कुठं?

दाताच्या डॉक्टरनं फोड हातात घेतली आणि क्षणात निदान केलं. बाहेर टणक आवरण, आत मऊ गाभा, म्हणजे हा सरळसरळ दात आहे. गाभ्यात नस असणार, ती शोधा. शोधण्यासाठी दुसरा फडा उभा कापावा लागेल, कारण हा आडवा कापून तुम्ही वाया घालवलात. उभा कापला. मग डॉक्टरनं आपल्या धंद्यावरच्या विश्वासानं गराचा तुकडा दाताखाली धरला आणि त्याचा चेहरा बदलला. कर्रकन आवाज आला होता. गरात वाळू कशी?

मग आला नळवाला. तो खरं तर वरच्या मजल्याची गळती बघायला आला होता, पण पाटावरचा पसारा बघून थांबला. त्याचं मत पडलं की दाताबिताचं सोडा, आत पाइपलाइन असणारच. पाणी मुळातून वर चढतंय म्हणजे नळ्या आहेत. नळ्या कशा बसवल्यात ते बघा, म्हणजे काय चीज आहे ते कळेल. नळ्या बघायच्या तर रंगीत पाणी चढवा. यासाठी तिसरा, ताजा फडा लागला. शंकासुरानं भिंगांवर खुणा करायची लाल शाई पाण्यात ओतली, बरणीत फडा उभा केला आणि बरणी उन्हात गच्चीच्या कठड्यावर ठेवली. बरणी कलंडली आणि खालच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींवर उतरली. चादरी चेअरमनच्या होत्या. चेअरमननं त्या दिवशी जे भाषण केलं ते ऐकून इमारतीतल्या सगळ्यांना रविवारी काय होणार याचा अंदाज आला.

चौथा फडा बरणीत गेला, आणि बरणी घरातच राहिली. पाचवा गच्चीवर ठेवला, कारण कुणीतरी सांगितलं की कुजला की आतला सांगाडा सुटा होतो. तो कुजला. गच्चीवरचा वास तिसऱ्या मजल्यावर उतरला. उंदीर मेला म्हणून लोकांनी कपाटं सरकवली, पलंग सरकवले, एका घरात तर हरवलेलं घड्याळही सापडलं, पण उंदीर सापडेना. शेवटी वास घेत घेत सगळे गच्चीवर आले, तर शंकासुर नाकाला रुमाल बांधून पाण्याखाली काहीतरी धूत होता. त्यानं ते वर धरलं आणि शिव्या द्यायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. सगळा गर धुऊन गेला होता आणि त्याच्या हातात उरली होती फड्याच्या आकाराची एक जाळी. तंतूंची, नाजूक, भोकाभोकांची, एकात एक गुंतलेली. विणकाम करणाऱ्या बाईनं पैज लावून विणल्यासारखी. आणि जाळी एक नव्हती. दोन होत्या. एक फड्याच्या या अंगाला, एक त्या अंगाला, आणि दोन्ही काठांशी जोडलेल्या.

‘दोन का?’ शंकासुर स्वतःशीच म्हणाला आणि धावत खाली गेला.

बरणीतला फडा त्यानं आडवा कापला. दुकानातून भिंगांची पेटी आणली, चौकटीत एकावर एक भिंगं चढवली, दिवा जवळ ओढला आणि बघितलं. शाई मुंगीच्या पावलानं का होईना, चढली होती. हिरव्या थराच्या आत लाल ठिपके होते. वरच्या बाजूनं रांग, खालच्या बाजूनं रांग, आणि दोन्ही रांगा कडेला वळून एकमेकींना भेटलेल्या. चेपलेलं कडं. रबरी नळीवरून कुणी पाय दिला तर तिचं तोंड जसं दिसेल तसं. कड्याच्या आत पांढरा गर, कड्याच्या बाहेर हिरवं. आणि गरात जागोजाग, भिंग हललं की चमकून उठणारे, चांदणीसारखे बारीक खडे. डॉक्टरच्या दाताखाली आलेली वाळू ती हीच.

पुढचे दोन फडे खात्री करण्यासाठी गेले. एक पातळ चकत्या करण्यात गेला. एक नुसता बघायचा म्हणून गेला, हे मान्य केलं पाहिजे. आणखी कितीतरी कुठं गेले ते कुणाला सांगता आलं नाही, पण सुरी शंकासुराच्याच हातात होती.

रविवारी सकाळी सभा भरली ती आवारातच, पुराव्याच्या शेजारी. बागसाहेब भिंतीच्या सावलीला खुर्ची टाकून बसले. चेअरमन नवी गाडी आधीच कोपऱ्याच्या तोंडाशी आणून उभी करून आला होता. शंकासुरानं टेबलावर पाट मांडला, बाजूला जाळी ठेवली, आणि आवारातल्या जास्वंदीचं एक पान ठेवलं.

त्यानं आधी ते पान उलटसुलट करून दाखवलं. पानाला पोट असतं आणि पाठ असते. पोट गडद, पाठ फिकी, शिरा पाठीवर उठून दिसतात. नळ्या सगळ्या एकाच पातळीत पसरलेल्या. आता हा फडा घ्या. पोट कुठलं, पाठ कुठली, सांगा. बागसाहेबांनी फडा उलटसुलट केला, आणि कुसळांची आठवण होऊन पटकन खाली ठेवला. दोन्ही अंगं सारखी. मग शंकासुरानं लाल ठिपक्यांची चकती पुढं केली. गोल खोडात नळ्यांचं कडं असतं आणि कड्याच्या आत गाभा असतो. याच्यातही कडं आहे आणि गाभा आहे, फक्त इस्त्री केल्यासारखं चेपलेलं आहे. आणि काटा उगवतो तो ठिपका म्हणजे डोळा, तिथूनच नवा फडा फुटतो, फूलही तिथूनच येतं. ‘चपटं असलं म्हणून काय झालं साहेब,’ तो म्हणाला, ‘खोड ते खोडच. याला पान म्हणणं म्हणजे निवडुंगाच्या तोंडाला पानं पुसणं आहे.’

त्याच्या आयुष्यात एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. आणि एवढं शांतपणे त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बागसाहेबांनी चकती बघितली, जाळी बघितली, चेअरमनकडं बघितलं.

‘मान्य,’ ते म्हणाले. ‘खोड आहे. या झाडाला कुणी हात लावायचा नाही.’ आणि खुर्चीतून उठून त्यांनी विचारलं, ‘झाड कुठंय?’

सगळ्यांनी कोपऱ्याकडं बघितलं. कोपरा लख्ख दिसत होता. भिंत दिसत होती, भिंतीवरची खिडकी दिसत होती, आणि खिडकीखाली जमिनीतून वर आलेला एकच एक फडा, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा उभा होता.

शंकासुराच्या पाचावर धारण बसली. ‘तपासापुरतं’ असा एकच शब्द त्याच्या तोंडून बाहेर आला. चेअरमन म्हणाला की आता एका फड्याला कुणी झाड म्हणत असेल तर आपण कुंडीलाही जंगल म्हणू या, आणि त्यानं गाडीची किल्ली खिशातून काढली. बागसाहेब हनुवटी खाजवायला लागले. वाचवलेलं झाड शिल्लकच नसेल तर खात्याचा नियम लागतो कशाला, याचा विचार ते करत असावेत.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. आज सभेमुळे घरात कुणी नव्हतं आणि आईनं बहिणीला सकाळीच फोन लावला होता. मध्ये आता निवडुंग नव्हता. शब्द न शब्द आवारात उतरत होता.

‘सभा चाललीय इथं. चेअरमन आहे ना, तो उभा आहे मध्ये, कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा. गाडी घेतलीय त्यानं. पुसतो रोज, चालवताना कुणी बघितलं नाही.’

कुणीतरी खोकलं. खोकला खिडकीपर्यंत पोचला नाही.

‘तो दातवाला पण आहे. हो, तोच, दुखरा सोडून शेजारचा दात काढणारा. बागेचा माणूस आलाय, झाड बघायला आला आणि सावली बघून बसला. आपला? आपला निवडुंग वाचवतोय. वाचवून वाचवून एक उरलाय बघ. आणि ऐक, चेअरमनच्या बायकोचं मी तुला गेल्या आठवड्यात सांगत होते ना, ते पुढं असं झालं—’

चेअरमनची बायको पहिल्या रांगेत होती. ती ताठ झाली. चेअरमननं एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडं, जिथं त्याच्या गाडीचं स्टिअरिंग बरोबर येणार होतं. आणि त्यानं किल्ली खिशात टाकली. घसा मोठ्यानं खाकरला, इतक्या मोठ्यानं की आतलं वाक्य बुडून गेलं, आणि ठराव मांडला. आवारातल्या त्या जुन्या आणि बहुमोल निवडुंगाचं सोसायटीनं संगोपन करावं. जिथं जिथं फडे सापडतील तिथून आणून त्या खिडकीखाली लावावेत. दाट लावावेत. या पावसाळ्याच्या आत लावावेत. दाताच्या डॉक्टरनं अनुमोदन दिलं. हात सगळ्यांचे वर गेले, चेअरमनच्या बायकोचे दोन्ही.

शंकासुर जिंकला होता, पण कसा जिंकला ते त्याला नीट कळेना. त्याच्या चेपलेल्या कड्यावर कुणी मतच दिलं नव्हतं. त्यानं हिरमुसून भिंगं पेटीत भरायला घेतली. तेव्हा बागसाहेब त्याच्याजवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, ‘ते चमकणारे खडे म्हणालात. दाखवता का एकदा?’

शंकासुरानं चौकट परत मांडली. बागसाहेब वाकले आणि वाकलेलेच राहिले. बऱ्याच वेळानं ते नुसते ‘अरेच्चा’ म्हणाले. मग डॉक्टर वाकला. मग निकाल ऐकायला मुद्दाम आलेला नळवाला. त्याच्या मागं बायका आल्या, गॅलरीतून बघणारे खाली उतरले आणि बघता बघता टेबलापासून फाटकापर्यंत रांग लागली. शंकासुर एकेकाला सांगत होता, डोळा जवळ आणा, श्वास रोखा, आता हळू हलवा, दिसलं? ज्याला दिसायचं तो हसत बाजूला व्हायचा आणि दुसऱ्याला सांगायला लागायचा.

चेअरमन रांगेबाहेर येरझाऱ्या घालत होता. शेवटी राहवेना तसा तो मध्ये घुसला आणि चौकट हातात घेऊन वाकला. जवळ आणली. लांब नेली. आणखी लांब नेली, हात पुरेनात. ‘मला नाही दिसत काही,’ तो म्हणाला. मागचे ओरडले की रांगेनं या, नंबर लागेल तेव्हा बघा.

शंकासुर त्याच्या लांब गेलेल्या हाताकडं आणि बारीक केलेल्या डोळ्यांकडं बघत होता. मग त्यानं चौकट अलगद त्याच्या हातातून घेतली, तिच्यात आणखी एक भिंग सरकवलं आणि ती चेअरमनच्या नाकावर चढवली.

‘नंबर लागलाय यांचा,’ तो म्हणाला. ‘चांगलाच लागलाय. आता सांगा, बरं दिसतंय की मघाशी?’